बहात्तराव्या तासाचं रक्त

"मॅम, तुमचं रक्त कॅलेंडरमध्ये बसत नाहीये," मानस म्हणाला, आणि अपूर्वानं केळं अर्धवट सोलून तसंच हातात धरलं. रविवार, सकाळचे अकरा, फरीदाबादमधल्या एका संशोधन संस्थेचा दुसरा मजला. उड्यांनंतरचा बहात्तरावा तास. गुरुवारी साठ सेंटिमीटर उंच लाकडी खोक्यावरून तिनं शंभर वेळा खाली उडी मारली होती. पाय टेकले की गुडघे वाकवून पुन्हा उसळायचं, दहा-दहाच्या दहा फेऱ्या. तेव्हापासून दर चोवीस तासांनी ती इथं येऊन नळीभर रक्त देत होती, यंत्रावर पायाचा जोर लावून दाखवत होती, आणि संस्था तिला दर वेळी एक केळं देत होती. मार खाल्लेल्या स्नायूंतून एक द्रव्य रक्तात गळतं. ते किती गळलं आणि किती दिवसांनी उतरलं, त्यावरून स्नायू कधी सावरले ते कळतं. त्या सावरण्यात स्त्री-पुरुषांच्या हार्मोन्सचा हात किती, हे इथल्या लोकांना शोधायचं होतं. त्यासाठी पुरुष घेतले होते चाळीस आणि बायका बारा. पुरुषांनी एकेकदा उड्या मारल्या आणि ते घरी गेले. बायकांनी महिन्याच्या वेगवेगळ्या आठवड्यांत तीनदा मारल्या, कारण पुरुषाचं हार्मोन म्हणजे पेन्शन, एकदा ठरलं की ठरलं, आणि बाईचं म्हणजे टोमॅटोचा भाव. ही उपमा संस्थेचे प्रमुख भालचंद्र सर यांची होती. पहिल्या दिवशी त्यांनी ती ऐकवली तेव्हा बाराजणी हसल्या होत्या. अपूर्वासुद्धा हसली होती. ते आठवून तिला आत्ता स्वतःच्या दातांचा राग आला.

मानस सव्वीस वर्षांचा, आईवडील नागपूरचे, जन्म फरीदाबादचा, त्यामुळे त्याच्या मराठीला मोठमोठी भगदाडं पडलेली होती. मांडीला तो थाय म्हणायचा, पोटरी हा शब्द त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. पाळी हा शब्द त्याला येत असावा, पण तो उच्चारत नसे. इंग्रजीत तो मासिक चक्रावर चाळीस मिनिटं न अडखळता बोलायचा; मराठीत आला की त्याचं 'ते, डेट' व्हायचं आणि तो भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे बघायला लागायचा.

"कॅलेंडरप्रमाणे तुमचं प्रोजेस्टेरॉन आत्ता एकदम टॉपला पाहिजे," तो नळकांड्याला म्हणाला. "ते बेसमेंटमध्ये आहे. गुरुवारी पण तिथेच होतं. काही हार्मोनचं औषध चालू आहे का?"

"नाही."

"फॉर्मवर पण तुम्ही 'नाही'च टिक केलंय. तिन्ही वेळा."

"कारण नाहीच आहे."

"म्हणजे ती असते ना," तो आता जवळजवळ नळकांड्याच्या आत बोलत होता, "डेट आगे करायची..."

"ती होय," अपूर्वा म्हणाली. "ती गौरीची आहे."

वाक्य तोंडातून निघालं आणि खोलीच्या मधोमध उभं राहिलं. मानसनं ते ऐकलं, अपूर्वानंही ऐकलं. तिच्या पर्समध्ये, मेट्रो कार्ड आणि कंगवा यांच्या मधल्या कप्प्यात, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची ती पट्टी होती. सकाळी चहानंतर त्यातली एक तिनं घेतली होती, जशी गेले दहा दिवस दिवसातून तीनदा घेत होती, आणि मागच्या महिन्यात मंगळागौरीसाठी घेतली होती. पाळीची तारीख येत्या बुधवारची होती, गौरी मंगळवारी येणार होत्या, आणि अलका, म्हणजे तिच्या सासूबाई, कुठलीही गोष्ट हात राखूनच सुरू करत. ती गोळी गिळून, तोंड पुसून, मेट्रोत बसून, शास्त्राच्या सेवेला येऊन, औषध चालू आहे का या प्रश्नासमोर अपूर्वानं 'नाही'वर खूण केली होती. खोटं बोलावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ती चौतीस वर्षांची होती, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होती, दुसऱ्यांनी भरलेल्या फॉर्मांतल्या चुका काढायचा तिला पगार मिळत होता.

मानसनं मग जे सांगितलं ते अगदी मऊ आवाजात सांगितलं. बायका किमान बारा, असं योजनेत लिहून दिलेलं होतं. अकरा झाल्या की त्यांचा भाग अहवालातून जाणार. अहवाल उद्या सकाळी दहाला पाठवायचा. उपाय होता. फॉर्मवर 'नाही' आहेच. हार्मोनचा नमुना खराब झाला असं लिहिता येतं, होतात कधी कधी. तारीख कॅलेंडरवरूनच धरायची. तिनं फक्त एक ओळ सही करून संध्याकाळपर्यंत पाठवायची, की मी कुठलंही हार्मोन घेत नव्हते. अपूर्वानं विचारलं, आणि नाही पाठवली तर. तर फक्त पुरुषांचे आकडे जातील, तो म्हणाला, आणि शेवटी एक वाक्य असेल, की स्त्रियांमध्येही असंच असावं.

"असावं," अपूर्वा म्हणाली.

"हो. तसं लिहितात."

या वेळी तिचा पायाचा जोर तिसऱ्या दिवशीही परतला नव्हता. आधीच्या दोन्ही फेऱ्यांत, गोळी चालू नसताना, बहात्तराव्या तासाला ती जवळजवळ ठीकठाक होती. हे गोळीमुळे का, तिनं विचारलं. मानस प्रामाणिक मुलगा होता. माहीत नाही, म्हणाला. एका बाईवरून काहीच सांगता येत नाही. इस्ट्रोजेन स्नायूच्या भिंतींना सांभाळून घेतं असं काहीजण मानतात, काहींना ते पटत नाही. टेस्टोस्टेरॉन डागडुजीला मदत करतं असं बरेचजण मानतात. आणि गोळीतल्या नकली हार्मोननं यात काय होतं हे विचारावं इतक्या बायका अजून कुणी मोजलेल्याच नाहीत. म्हणून तर हा अभ्यास, तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून पुन्हा नळकांड्याकडे वळला.

रविवारी लिफ्ट बंद असायची. दुखऱ्या मांड्यांना जिना चढता येतो, उतरता येत नाही. उतरताना प्रत्येक पायरीला कुणीतरी गुडघ्याच्या वर ओला टॉवेल पिळल्यासारखं करतं. अपूर्वा कठडा धरून पाठमोरी उतरायला लागली, तोंड वरच्या मजल्याकडे, ढुंगण जगाकडे. खालच्या वळणावर बसलेला गार्ड बराच वेळ हे पाहत होता. शेवटी तो सहानुभूतीनं म्हणाला, मॅडम, नीचे जाने का रास्ता इधर है. तिनं त्याला हातातलं अर्धं सोललेलं केळं दिलं. त्यानं ते घेतलं. राग आला की माणसं भांडी आपटतात, हे तिला ऐकून माहीत होतं. आपण केळी वाटतो, हे नव्यानं कळलं.

बाटा चौकावर मेट्रोत जागा मिळाली तरी ती उभी राहिली, कारण बसलं की उठायचा प्रश्न येतो. बायकांच्या डब्यात एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, की देख, एडजस्ट तो करना पड़ता है. खिडकीबाहेर कारखान्यांची पत्र्याची छपरं मागं पडत होती. तिला कुणावर चिडावं ते ठरवता येईना. मानसवर चिडणं म्हणजे पोस्टमनवर चिडणं. अलकाताईंवर चिडणं सोपं होतं, लग्न झालेल्या कुठल्याही बाईला ते तयार शिवून मिळतं, मापंसुद्धा घ्यावी लागत नाहीत. पण नीट आठवलं तर सुरुवात अलकाताईंनी केलेलीच नव्हती. ती तिच्या स्वतःच्या आईनं, सरलानं केली होती. नचिकेतची, धाकट्या भावाची मुंज, आर. के. पुरमच्या कम्युनिटी हॉलमध्ये. ती पंधरा वर्षांची. आईनं दुधाच्या पेल्याबरोबर गोळी पुढं केली आणि म्हणाली, घे, म्हणजे मुंज नीट पार पडेल. तिनं विचारलंही नव्हतं. किती तरी दिवस तिची समजूत होती की नचिकेतच्या गळ्यातलं जानवं त्या गोळीवर टिकून आहे. त्याच आठवड्यात शाळेची चारशे मीटरची शर्यत होती. ती पाचवी आली. मुंजीच्या धावपळीनं, झोपेनं, गोळीनं, का मुळात तिच्यात दमच नव्हता म्हणून, कुणाला ठाऊक. खेळाचे सर म्हणाले होते, लड़की ढीली पड़ गई है. एकोणीस वर्षांनी कालकाजीच्या आसपास तिला त्या सरांना उत्तर द्यावंसं वाटलं, आणि उत्तर नव्हतं. संतापाचं मूळ बहुतेक तिथं होतं. तिच्याकडे आकडाच नव्हता.

कालकाजीला गाडी बदलायला जमिनीवरून पाताळात उतरावं लागतं. सरकत्या जिन्यावर ती देवासारखी स्थिर उभी राहिली. हणमंतराव आठवले. मंत्रालयाच्या रस्सीखेच संघाचे प्रशिक्षक, मूळचे सोलापूरचे, दुसऱ्या सेक्शनमधले अप्पर डिव्हिजन क्लार्क, दोराला कुंकू लावणारे सद्गृहस्थ. दोन वर्षांपूर्वी मंत्रालयांच्या आपसातल्या सामन्यांत पुरुषांची उपांत्य फेरी शनिवारी आणि अंतिम रविवारी होती. बायकांची उपांत्य अकराला आणि अंतिम साडेबाराला होती, एकाच दिवशी, कारण लेडीजना घरी लवकर जायचं असतं. अपूर्वा दोराच्या शेवटाला होती, कमरेला दोराचा वेढा घेऊन, आणि साडेबाराला तिच्या मांड्या थरथरत होत्या. सगळ्याजणी एखाद्या जड कपाटासारख्या हळूहळू समोरच्या रेषेपलीकडे सरकत गेल्या. हणमंतरावांनी अहवालात लिहिलं, महिला संघाची रिकव्हरी कमी पडली. पुरुषांना वीस तास, बायकांना दीड, आणि रिकव्हरी कमी पडली. तिनं त्याविरुद्ध दोन पानी टिपण लिहिलं होतं. ते अजून कुणाच्या तरी टेबलावर विचाराधीन होतं. म्हणून तर सूचनाफलकावर हा अभ्यास दिसल्या दिवशी ती गेली होती, हणमंतरावांच्या टेबलावर एक छापील आकडा ठेवायला. पण तो सामना एप्रिलमध्ये झाला होता, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आसपास. त्या दिवशी गोळी चालू होती का? तिला आठवेना. तिनं डोळे मिटले, दोर आठवला, काखेतला घाम आठवला, चुन्याची रेषा आठवली. गोळी आठवेना. घरातली पूजा आणि ऑफिसातला सामना या दोन्हींमध्ये एकच शरीर सापडलेलं होतं आणि त्याची तारीख तिसऱ्याच कुणीतरी फिरवलेली होती. मंत्रालयात फाईल पुढं ढकलली की निदान त्यावर कुणी ढकलली, का ढकलली आणि पुन्हा कधी सादर करायची हे लिहावं लागतं. तिच्या कुठल्याच महिन्यावर तसा शेरा नव्हता. आपल्या मांड्या आपल्या वेगानं सावरतात तेव्हा कशा सावरतात, हे तिला चौतीस वर्षांत कधी कळलेलंच नव्हतं, आणि कळायची वेळ आली तेव्हा तिनं चहाबरोबर गोळी घेतली होती आणि समोर 'नाही' लिहिलं होतं. आर. के. पुरमच्या फलाटावर ती उतरली तेव्हा दुपारची गोळी घ्यायची वेळ झाली होती. तिनं पट्टी काढली, पाहिली, आणि परत कंगव्याशेजारी ठेवली.

घरी गणपतीसमोर समई होती, आणि करोल बागेतून कालच आणलेला केवडा ओल्या फडक्यात. अलकाताई स्वयंपाकघरात पाटावर बसून गौरींचे पितळी मुखवटे चिंचेनं घासत होत्या. पासष्ट वर्षांच्या, ताठ, जनगणना कार्यालयात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. त्यांच्या शेजारी त्यांची यादी पडलेली होती: कापूर, वाती, खण, हरभऱ्याची डाळ, आणि डाळीखाली, डाळीइतक्याच सहज अक्षरात, गोळ्या. जयदीप, म्हणजे तिचा नवरा, डायनिंग टेबलाशी फोन बघत बसला होता. अपूर्वा फ्रिजला टेकून उभी राहिली.

"आई, त्या फॉर्ममध्ये औषध चालू आहे का विचारलं होतं," ती म्हणाली. "मी नाही लिहिलं."

"बरोबर लिहिलंस. तुला काय झालंय?"

"गोळ्या."

"त्या काय औषध आहेत? औषध आजारी माणसाला देतात."

हे अपूर्वाला इतकं बिनतोड वाटलं की तिला क्षणभर आणखीनच राग आला. तिनं सगळं सांगितलं, बारा आणि अकरा, सही आणि संध्याकाळ. अलकाताईंनी मुखवट्याच्या नाकपुडीत चिंचेचं बोट घालत शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या की मग ती परीक्षाच चार दिवस पुढे ढकलायची होती. अपूर्वा म्हणाली, की परीक्षा संस्थेनं सहा वर्षं पुढे ढकललेलीच होती, बायका घेतल्या की भानगड वाढते म्हणून. या जगात पुढं ढकलता येत नाही अशी एकच वस्तू असते आणि ती म्हणजे पूजा. हे तिनं जरा मोठ्यानं म्हटलं. समईची ज्योत हलली नाही. जयदीपनं मान वर केली.

"यार, सही करून टाक ना," तो म्हणाला. "बायकांचाच फायदा आहे त्यात. एक लाइन तर आहे. थोडं अॅडजस्ट."

जयदीप वाईट माणूस नव्हता. तो फक्त कुठल्याही भांडणाकडे पार्किंगसारखा पाहायचा, जरा पुढे, जरा मागे, बसते गाडी. आणि तो चुकीचं बोलत नव्हता, हेच अपूर्वाला सहन होत नव्हतं. सही केली तर बायका अहवालात राहतात. हणमंतरावांच्या टेबलावर आकडा जातो. तो आकडा खोटा असतो, एवढंच. खरं सांगितलं तर बायकाच राहत नाहीत, राहतं ते 'असंच असावं'. म्हणजे खोटं सांगून हजर राहायचं किंवा खरं सांगून गैरहजर. असे पर्याय माणसाला कोण काढून देतं, त्याचं नाव-पत्ता तिला हवा होता.

"खोटी सही करायची नाही," अलकाताई म्हणाल्या. मुखवट्यावरून नजर न उचलता म्हणाल्या. "चूक तुझी नाही. प्रश्न वाईट आहे."

त्यांनी मुखवटा उलटा करून आतून घासायला घेतला.

"आम्ही बायांना विचारायचो, काम करता का. नाही म्हणायच्या. हातात विळा, डोक्यावर भारा, आणि नाही. आम्ही लिहायचो, काम करत नाही. लाखांनी लिहिलं तसं. मग कुणाला तरी अक्कल आली. काम हा शब्दच काढून टाका, सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते विचारा. मग बाया बोलायला लागल्या ते थांबेनात." त्यांनी मुखवटा पाण्यात बुडवला. "औषध म्हणून विचारलंत तर मरेपर्यंत नाहीच म्हणतील."

बाराजणींचा एक ग्रुप होता. दुखऱ्या पायांची विचारपूस आणि केळ्यांबद्दलचे विनोद एवढंच त्यावर चालायचं. अपूर्वानं फ्रिजला टेकल्या टेकल्या हिंदीत लिहिलं. औषध हा शब्द टाळला, हार्मोन टाळला. एवढंच विचारलं, की मागच्या तीन महिन्यांत कुठली पूजा, व्रत, लग्न, यात्रा, परीक्षा असं काही होतं का, आणि त्यासाठी डेट पुढे करायला काही घेतलं का. तिला वाटलं होतं कुणी उत्तर देणार नाही. पूनमचं उत्तर मिनिटाभरात आलं: हरतालिका थी ना, सास के साथ, वो तो सब लेते हैं. जसलीनच्या भावाचं लग्न झालं होतं, तिनं दोन आठवडे घेतली होती, डान्सची प्रॅक्टिस होती म्हणून. नुसरत आईला घेऊन मक्केला, उमऱ्याला गेली होती, पूरे बीस दिन, डॉक्टर ने खुद लिख के दी, पर वो तो सफ़र के लिए थी. मिनीला गावच्या देवळात तुलाभार करायचा होता. एकीची बँकेची परीक्षा होती. आणखी एक, जी स्वतः दातांची डॉक्टर होती, तिनं लिहिलं, यह दवाई में आता है क्या, आणि पुढे विचारात पडलेला पिवळा चेहरा. अपूर्वा धरून सात. बारापैकी सातजणींनी 'नाही'वर खूण केली होती, मनापासून, स्वच्छ अंतःकरणानं. निरनिराळ्या धर्मांच्या आणि राज्यांच्या बायका, कशावरच एकमत न होणाऱ्या, या एका बाबतीत एकदिलानं चुकल्या होत्या. तिला हसू यायला हवं होतं. ती फ्रिजवर मूठ टेकून उभी राहिली आणि आतलं अंडं-दूध हलल्याचा आवाज आला.

मानसला फोन करून सातजणींचं सांगितलं तेव्हा तो आधी म्हणाला, की मॅम, तुम्ही फक्त तुमचं सांगायचं होतं. मग म्हणाला, म्हणजे अकरा नाही, पाच. मग सरांना विचारून सांगतो म्हणाला, आणि अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. बायकांचा भाग वगळला होता. सरांनी वाक्यही दिलं होतं. त्यानं ते इंग्रजीत वाचलं आणि तिच्यासाठी मराठीत आणायचा प्रयत्न केला. महिला सहभागींनी माहिती लपवल्यामुळे त्यांचे आकडे गृहीत धरलेले नाहीत.

दिवसभर जो राग केळी आणि जिने आणि फ्रिज असा भटकत होता, त्याला इथं एकदाचं घर मिळालं. तो गार झाला. अपूर्वाचा आवाज इतका सौम्य झाला की जयदीपनं फोन खाली ठेवला.

"लपवली नाही, मानस," ती म्हणाली. "तुम्हाला विचारता आली नाही. असं लिही."

"सर काढून टाकतील, मॅम."

"काढू देत. माझ्याकडे लेखी असेल."

तिनं टेबलाशी उभ्यानंच लॅपटॉप उघडला. मंत्रालयातल्या दहा वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती: ओरडलेलं विसरतात, नोंदलेलं विसरता येत नाही. तिनं परिच्छेदांना क्रमांक घातले. एक, माझ्या या फेरीच्या फॉर्मवरचं 'नाही' चुकीचं आहे, ते 'हो' असं वाचावं. दोन, अशीच चूक आणखी सहाजणींकडून झाली, त्यांची संमती ग्रुपवरून घेऊन सोबत जोडली आहे. तीन, बारापैकी सातजणी एकच चूक करतात तेव्हा ती सातजणींची चूक नसते. चार, पुरुष सहभागींच्या निष्कर्षावरून 'स्त्रियांमध्येही असंच असावं' हे वाक्य लिहिल्यास त्याला आधार कोणता, ते कृपया कळवावं. पाच, 'लपवली' हा शब्द मागं घ्यावा. सहा, पुढच्या अभ्यासासाठी प्रश्नांचा नवा मसुदा सोबत जोडला आहे. बाराजणींना प्रत, संस्थेच्या नीतिसमितीला प्रत. पाठवायच्या आधी तिनं ते एकदा वाचलं. कुठंही राग दिसत नव्हता. पगार घेऊन तिनं आजवर इतकं चांगलं टिपण लिहिलेलं नव्हतं, आणि उद्या सकाळी दहाला अहवाल बायकांवाचून जाणार हे त्यानं बदलणार नव्हतं. मसुदा तेवढा अजून लिहायचा होता.

"आई, दुपारची गोळी मी घेतली नाही," ती लिहिता लिहिता म्हणाली. "पुढचीही घेणार नाही. मंगळवारी-बुधवारी येईल पाळी. मी देवाजवळ नसेन, किंवा असेन, ते तुम्ही ठरवा. पण पुढं ढकलणार नाही."

स्वयंपाकघरात नळ बराच वेळ वाहत राहिला. मग बंद झाला. अलकाताई हात पुसत बाहेर आल्या, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची ओढून बसल्या, आणि मुलाकडे न बघता म्हणाल्या, "जयदीप, पुरणयंत्र माळ्यावर आहे, काढून ठेव. या वर्षी तू फिरवायचंस." जयदीपनं आधी आईकडे, मग बायकोकडे पाहिलं. गाडी कुठंच बसत नव्हती. तो उठून स्टूल आणायला गेला.

"प्रश्न काय लिहिलायस, वाच," अलकाताई म्हणाल्या. "लिहून पाठवण्याआधी एखाद्या घरात विचारून बघायचे असतात."

अपूर्वानं वाचला. सण, व्रत, लग्न, मुंज, यात्रा, परीक्षा किंवा घरातलं कुठलंही कार्य यासाठी पाळी पुढे जावी म्हणून तुम्ही आजवर केव्हा केव्हा काही घेतलं?

अलकाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. "ब्याऐंशी," त्या म्हणाल्या. "लग्नानंतरच्या पहिल्या गौरी. लिही. त्र्याऐंशी, गौरी आणि धाकट्या नणंदेचं लग्न, मिळून बावीस दिवस. चौऱ्याऐंशीत तीनदा, सासऱ्यांची साठी होती. पंच्याऐंशी, गौरी, आणि नवरात्र पण, कारण जाऊबाई माहेरी गेल्या होत्या. शहाऐंशी दोनदा." त्यांचा आवाज एखाद्या खेड्याची घरं मोजत जावं तसा एका पट्टीत चालला होता. माळ्यावरून काहीतरी जड खाली घसरलं आणि जयदीपनं ते धरल्याचा आवाज आला. "सत्त्याऐंशी सोड."

"का?"

"तेव्हा हा पोटात होता. तेवढं एक वर्ष कुणी काही मागितलं नाही." त्यांनी बोटानं लॅपटॉपकडे खूण केली. "बाकी सगळी लिही."